घरी सांगितलं नाही

कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी सोशल मीडियावर भोगलेल्या त्रासाबद्दल स्वतः लिहावं, असं या पुस्तकासाठी आम्ही सुचवलं तेव्हा काय काय येईल याचा साधारण अंदाज होता. बनावट अकाउंट, फोटोंशी केलेले चाळे, रात्री-अपरात्रीचे घाणेरडे मेसेज. ते सगळं आलंच. पण सगळं लेखन सलग वाचताना एक वाक्य सारखं समोर येऊ लागलं, आणि त्यात त्रास देणाऱ्याचा उल्लेखही नव्हता. 'घरी सांगितलं नाही.' कुणी ते पहिल्याच ओळीत लिहून मोकळं झालंय, कुणी जाता जाता. एकीने पूर्ण हकीकत सांगून झाल्यावर खाली वेगळ्या शाईत टीप जोडली: मॅडम, घरी अजून माहीत नाही, गावाचं नावसुद्धा बदला.

आम्ही बदललं. नावं, गावं, शाखा, कुठे कुठे वर्षही. लिहिणारे सगळे अठरा ते तेवीस वयाचे आहेत. काही शहरात वाढलेले, पुष्कळ जण तालुक्याच्या कॉलेजात एसटीने ये-जा करणारे, काही होस्टेलवर राहणारे. बीए, बीकॉम, फार्मसी, पॉलिटेक्निक असं सगळं त्यात आहे. शुद्धलेखन आम्ही तपासलं, पण बोलण्याची धाटणी ठेवली. 'एसएस काढला', 'रिक्वेस्ट टाकली', 'सीन करून सोडलं' हे ज्यांना खटकेल त्यांनी खुशाल खटकून घ्यावं. हीच त्यांची भाषा आहे आणि त्रासही त्यांना याच भाषेत झालाय.

'घरी सांगितलं नाही' हे वाक्य मला भाबडेपणाचं वाटत नाही. धमकी देणाऱ्याला ते आधीपासून ठाऊक असतं, किंबहुना त्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो. फोटो खरा की खोटा, चॅट पूर्ण की अर्धवट, याला मग फारसं महत्त्व उरत नाही. घरी कळलं तर मुलीचंच काहीतरी जाणार आहे – फोन, होस्टेल, शहरातलं कॉलेज, कधी कधी शिक्षणच – एवढं त्याच्या लक्षात आलं की त्याच्या हातात दुसरं काही नसलं तरी चालतं.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीची हकीकत या पुस्तकात आहे. तिला एक फोटो आला. चेहरा तिचा, अंग दुसऱ्याच कुणाचं. फोटो खोटा आहे हे तिला माहीत होतं, पाठवणाऱ्याला माहीत होतं आणि काम इतकं गबाळं होतं की मानेपाशी कातडीचा रंगच बदलत होता. पण फोटोखाली तिच्या वडिलांचा मोबाईल नंबर टाइप केलेला होता. मागणी काय? पैसे नाहीत, भेट नाही. रोज रात्री अकरा वाजता 'गुड नाइट' पाठवायचं, बस. तिने ते अख्खं सेमिस्टर पाठवलं. गावी रेंज नसे तेव्हा गच्चीवर जाऊन पाठवलं. चुलत बहिणीच्या लग्नात दोन्ही हातांना ओली मेंदी होती, म्हणून धाकट्या भावाकडून टाइप करून घेतलं आणि मैत्रीण आहे म्हणून सांगितलं. वाचताना मनात येतं, नसतं पाठवलं तर काय बिघडलं असतं? तिने त्याचंही उत्तर लिहून ठेवलंय: 'पप्पांनी फोटो बघितला असता. खोटा आहे हे त्यांना पटलंही असतं. पण बघितला असता ना.'

यात आईबापांना खलनायक करणं सोपं आहे आणि तसं करायचा माझा इरादा नाही. घरातली पहिलीच मुलगी शहरात शिकायला गेलेली असते, फोन हप्त्यावर घेतलेला असतो, भावकीत चार तोंडं टपलेली असतात. मुलीने काही सांगितलं की पहिला प्रश्न निघतो, 'मुळात ते इन्स्टा काढलंसच कशाला?' दुसरा प्रश्न बहुधा निघतच नाही, कारण एव्हाना फोन काढून घेतलेला असतो. काळजीपोटीच घेतलेला असतो. पण त्यानंतर धाकटी बहीण काय शिकते? तिच्यावर तीच वेळ आली तर गप्प बसायला शिकते.

आणखी एक गोष्ट या लेखांतून कळली, जी मला तरी आधी सुचली नव्हती. पुष्कळ घरांत मुलीचा फोन भाऊ तपासतो. पासवर्ड सगळ्यांना माहीत असलाच पाहिजे, 'लपवण्यासारखं आहेच काय?' अशा घरातली मुलगी रोज संध्याकाळी घरी पोहोचायच्या आत सगळं डिलीट करते. मैत्रिणींशी झालेल्या साध्या गप्पाही. सवयच ती. मग एखाद्या दिवशी धमकीचे मेसेज येतात, तेही सवयीने उडवले जातात, आणि पुढे कधी तक्रार द्यायची वेळ आली की हाती काही उरलेलं नसतं. घरच्यांच्या नजरेपासून वाचवायला म्हणून जे पुसलं, तोच नेमका पुरावा होता.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. खटला निवृत्त न्यायमूर्ती पुट्टास्वामी यांच्या नावाने ओळखला जातो. त्यातलं मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचं आहे आणि त्यात त्यांनी आणीबाणीतल्या, १९७६ च्या ज्या निकालाला चूक ठरवलं त्यात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड सामील होते. ज्या निकालपत्रात मुलाने वडिलांचं म्हणणं भर न्यायालयात खोडून काढलं, त्यातलाच हक्क आपल्याकडे एखाद्या मुलीने वडिलांकडे मागायचा म्हटलं तर बैठकीच्या खोलीत काय होईल ते सांगायला नको. अर्थात तो खटला नागरिक आणि सरकार यांच्यातला होता. घरातल्या घरात कुणी कुणाचा फोन बघावा, यावर न्यायालय काही बोलत नाही, आणि बोलून उपयोगही झाला नसता.

घरानंतर कॉलेज. सोशल मीडियावरचा त्रास म्हणजे कुठून तरी दूरवरून येणारी पीडा, असा एक समज आहे. या लेखांत मात्र तो बहुधा रोल नंबरपासून सुरू होतो. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, त्यात टाकलं की साठ-सत्तर जणांना प्रत्येकीचा नंबर मिळतो. फीची थकबाकी, शिष्यवृत्तीचे अर्ज, सहलीची नावं यांच्या पीडीएफ ग्रुपवर पडतात. त्यात नाव, जन्मतारीख, पालकांचा मोबाईल, प्रवर्ग, कधी पत्ताही. शिपायाने नोटीस बोर्डावर लावलेल्या यादीचा फोटो काढायला क्षणभरही लागत नाही. वडिलांचा नंबर त्या 'गुड नाइट'वाल्याला कुठून मिळाला असेल, याचा आम्ही फार शोध घेतला नाही. घ्यायची गरजही वाटली नाही.

नंबरचा असा गैरवापर आजचा नाही. आयटी ॲक्टच्या कलम ६७ खाली देशातली पहिली शिक्षा म्हणून जो खटला ओळखला जातो तो चेन्नईतला, २००४ सालचा. नकार दिलेल्या बाईच्या नावाने एका माणसाने याहूच्या ग्रुपवर मजकूर टाकला, आणि तिला जे सोसावं लागलं ते मजकुरापेक्षा फोनचं: अनोळखी पुरुषांचे फोन येत राहिले. २०१७ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातून बातम्या आल्या की रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर ५० रुपयांपासून ५०० रुपयांपर्यंत विकले जातात, भाव दिसण्यावर. आपल्याकडे पुस्तकातल्या एकीने यावर उपाय शोधला होता: रिचार्ज मारायला नेहमी आजोबांना पाठवायचं आणि नंबर त्यांच्या वहीतून वाचून दाखवायला लावायचा.

डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला आणि मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. त्या कायद्याच्या नजरेत कॉलेजही लोकांची माहिती बाळगणारी संस्था आहे. कॉलेजांच्या ऑफिसात हे किती जणांना ठाऊक आहे ते मला कळत नाही. मी ज्या ज्या ऑफिसात विचारलं तिथे 'नॅकच्या फाइलीत लागतं का?' एवढाच उलट प्रश्न आला.

प्रवर्गाचा उल्लेख वर आला, त्यावर थोडं थांबायला हवं. प्रवेशाच्या गुणवत्ता याद्यांत नावापुढे प्रवर्ग छापलेला असतो आणि पारदर्शकतेसाठी तो लागतोच. पण पहिल्या वर्षाचे वर्ग भरायच्या आत त्या यादीचे एसएस, म्हणजे स्क्रीनशॉट, ग्रुपवर फिरतात, एखाद्या नावाभोवती लाल गोल केलेला असतो आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. त्या मुलाला किंवा मुलीला अजून कुणी पाहिलेलंही नसतं. एका मुलाने लिहिलंय की त्याने पहिल्या दिवशी वर्गात आडनाव सांगितलं नाही, फक्त नाव सांगितलं, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी त्याच्या गुणांची टक्केवारी दशांश चिन्हासकट म्हणून दाखवली. त्याला अश्लील असं कुणी काही पाठवलं नाही. कुठल्याही सायबर जनजागृतीच्या भित्तिपत्रकावर त्याच्या त्रासाचं चित्र नसतं. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, आणि ज्युनिअरना छळायला सीनिअरनी काढलेले व्हॉट्सॲप ग्रुप हेही रॅगिंगच समजावं, असं यूजीसीने २०२५ मध्ये कॉलेजांना बजावलं. हे पाऊल चांगलंच आहे, पण उशिरा पडलेलं. आणि ग्रुपमध्ये जेव्हा वर्गातलेच सगळे असतात तेव्हा सीनिअर कुणाला म्हणायचं?

मुलग्यांनी लिहिलेले लेख कमी आले. आलेल्यांत एक प्रकार ठळक आहे. इन्स्टावर किंवा फेसबुकवर अनोळखी मुलीची रिक्वेस्ट, थोड्या गप्पा, व्हिडिओ कॉल, समोर आधीच रेकॉर्ड केलेला नग्न व्हिडिओ, आणि इकडे याचा चेहरा रेकॉर्ड. लगेच पैशाची मागणी. नंतर 'क्राइम ब्रँचमधून बोलतोय' म्हणून दुसरा फोन, व्हिडिओ यूट्यूबवरून काढायची वेगळी फी. २०२२ च्या सप्टेंबरात पुण्यात अशा खंडणीच्या धास्तीने दोन तरुणांनी जीव दिला. पोलिस तपास करत राजस्थानात अलवर जिल्ह्यातल्या एका खेड्यापर्यंत गेले, तेव्हा कळलं की गावातले बरेच जण या धंद्यात आहेत. कर्ज देणाऱ्या ॲपचंही असंच. हजार-दोन हजारांचं कर्ज घ्यायचं, ॲप सगळे कॉन्टॅक्ट उचलणार, हप्ता चुकला की बदललेला फोटो मामा-मावश्यांना जाणार. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्ये अशा अकराशे ॲपपैकी सुमारे सहाशे बेकायदा आढळली. पुढच्या वर्षी कॉन्टॅक्ट आणि गॅलरीला हात लावायचा नाही, असा नियम आला.

मुलग्यांच्या लेखांत रडणं नाही. चेष्टा आहे. 'भावा, माझा पोपट झाला' अशी सुरुवात, आणि तिसऱ्या पानावर मग कळतं की तो पोरगा चार दिवस जेवला नव्हता. मुलीने घरी सांगितलं तर फोन जातो, मुलाने सांगितलं तर हसं होतं. दोघेही सांगत नाहीत.

आता पोलिस. या भागात वाचकांची निराशा होईल, कारण लेख लिहिणाऱ्यांपैकी फार थोडे तिथवर पोहोचले. २०२२ मध्ये देशात ६५,८९३ सायबर गुन्हे नोंदले गेले. त्यांतले जवळपास ६५ टक्के फसवणुकीचे होते. लैंगिक शोषणाचा हेतू असलेले म्हणून नोंदले गेले ते पाच टक्क्यांच्या आसपास. हा आकडा पाहून कुणी म्हणेल की मुलींना तसा त्रास फारसा नाहीच. पैसे गेले की माणूस बोंब मारत ठाण्यात जातो, बँकही जा म्हणते, घरचेही सोबत येतात. दुसऱ्या प्रकारात कुणासोबत जायचं, हाच प्रश्न असतो.

'६६-अ गेल्यापासून आमच्याकडे कलमच नाही' हे वाक्य ठाण्यात अजून ऐकायला मिळतं. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं आयटी ॲक्टचं हे ६६-अ कलम गेलं ते आपल्याच भागातल्या एका प्रकारामुळे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं, आणि विशी-एकविशीतल्या त्या दोघींना अटक झाली. दिल्लीतल्या श्रेया सिंघल या तरुणीने त्या कलमाला आव्हान दिलं आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. योग्यच केलं. मात्र त्यामुळे हात बांधले गेले हे खरं नाही. ऑनलाइन पाठलाग हा २०१३ पासून गुन्हा आहे, आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. कलम ७७ मध्ये तर एक फार मोलाचं स्पष्टीकरण आहे, ते प्रत्येक कॉलेजच्या भिंतीवर लावावं असं मला वाटतं: फोटो काढायला बाईने संमती दिली असली तरी तो इतरांना दाखवायला तिची संमती नसेल तर पसरवणं गुन्हाच. म्हणजे 'फोटो तूच पाठवलास ना?' या प्रश्नाला कायद्यात काही जागा नाही. ठाण्यात तो पहिलाच विचारला जातो, ही गोष्ट वेगळी. ही दोन्ही कलमं बाईच्या तक्रारीपुरती आहेत. मुलग्याला खंडणीचं कलम आणि आयटी ॲक्टचं खासगीपणाच्या भंगाचं ६६-ई यांवर भागवावं लागतं. बायका-मुलांवरच्या अत्याचारांविरुद्ध डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं शक्ती विधेयक संमतीवाचून राहिलं, त्यावर अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

एक हकीकत मला मुद्दाम पुढे ठेवायची आहे, कारण तिच्यात आई आहे. पॉलिटेक्निकच्या मुलीने रात्री साडेनऊला आईला सगळं सांगितलं. आई भाकऱ्या थापत होती. तिने तवा उतरवला नाही, मागे वळून पाहिलंही नाही, म्हणाली, 'आधी जेव. सकाळी जाऊ. काही पुसू नको.' सकाळी दोघी चौकीत गेल्या. तिथल्या फौजदारांनी सांगितलं, मोठे साहेब आल्यावर या. मुलीला वाटलं टाळताहेत. थोडे टाळतही असतील, पण आयटी ॲक्टच्या गुन्ह्याचा तपास पोलिस निरीक्षकाच्या खालच्या हुद्द्याचा अधिकारी करू शकत नाही, असं त्याच कायद्याच्या ७८ व्या कलमात लिहिलेलं आहे. तपास कुणी करायचा हा पुढचा भाग, तक्रार मात्र कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, हद्द आपली नसली तरी, आणि अशा गुन्ह्यात मुलीचं म्हणणं महिला अधिकाऱ्याने नोंदवायचं असतं. हे त्या माउलीला माहीत नव्हतं. ती बाकावर बसून राहिली. दुपारी मुलीला म्हणाली, तू परीक्षेला जा, मी बसते. संध्याकाळी साहेब आले तेव्हा ती बाकावरच होती आणि मुलीचा फोन तिने पदराखाली धरला होता. त्रास देणारं अकाउंट वर्गातल्याच एका मुलाचं निघालं.

'काही पुसू नको' हे त्या बाईला कुणी शिकवलं होतं, हे मी विचारून घेतलं. मुलीने सांगितलं की शेतीच्या वाटणीच्या भांडणात आईने एकदा कागद फाडून टाकले होते आणि नंतर पस्तावली होती. सायबर तज्ज्ञ तेच सांगतात, फक्त जरा अवघड करून. एसएस काढायचा तो नुसत्या मेसेजचा नको. प्रोफाइलची लिंक आणि युजरनेम दिसलं पाहिजे, कारण वर दिसणारं नाव कुणीही क्षणात बदलतं. चॅट राहू द्यायची. ब्लॉक करायचं ते हे सगळं झाल्यावर. केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर बायका-मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर १९३० ही हेल्पलाइन. शहरात पोलिसांचं दामिनी किंवा निर्भया पथक, भरोसा सेल असेल तर तिथे. आणि २०२१ च्या नियमांनुसार नग्न किंवा बदललेला फोटो टाकला गेल्याची तक्रार त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे केली की ठरावीक मुदतीत तो हटवण्याची जबाबदारी कंपनीची.

एक साधन मात्र आमच्या एकाही विद्यार्थ्याला माहीत नव्हतं. 'स्टॉप एनसीआयआय' ही विनामूल्य सेवा डिसेंबर २०२१ पासून चालू आहे. फोटो तिकडे पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोपासून आकड्या-अक्षरांची एक खूण तयार होते, फोटो फोनमध्येच राहतो आणि फक्त ती खूण फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जाते. पुढे कुणी तोच फोटो तिथे चढवायला गेलं तर खूण जुळते आणि फोटो अडतो. अठरा वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' अशी वेगळी सेवा आहे. मर्यादाही आहेत. फोटोत बराच फेरफार केला तर तो निसटू शकतो, आणि व्हॉट्सॲपवर हातोहात फिरणाऱ्या फोटोला यातून आवर घालता येत नाही. पण फोटो अजून कुठे गेलेला नाही, नुसती धमकी आहे, अशा वेळी याचा फार उपयोग आहे. शिवाय यात घरी सांगावं लागत नाही. ही सोय आहे की आपल्या घरांवरचा शेरा, ते ज्याने त्याने ठरवावं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा चिकटवलेला व्हिडिओ फिरला. त्यावेळी त्यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा होता की आज माझ्या पाठीशी घरचे आणि मित्रमंडळी आहेत, हेच मी शाळा-कॉलेजात असताना झालं असतं तर कशी तोंड देऊ शकले असते याची कल्पना करवत नाही. देशभर चर्चा झाली, दिल्ली पोलिसांनी आरोपी पकडला. तो आंध्रातला इंजिनिअर झालेला तरुण निघाला, आणि हे त्याने इन्स्टावरचे फॉलोअर वाढवायला केलं, असं पोलिसांनी सांगितलं.

त्रास देणारे कोण, हा प्रश्न इथेच येतो आणि तो मला टाळायचा नाही. १ जानेवारी २०२२ च्या सकाळी 'बुल्ली बाई' नावाच्या ॲपवर देशातल्या शंभरएक मुसलमान बायकांचे फोटो 'लिलावा'ला लावलेले दिसले. पत्रकार, कार्यकर्त्या, विद्यार्थिनी. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने सर्वांत आधी ज्याला पकडलं तो बंगळुरूत शिकणारा एकवीस वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. ॲप बनवल्याच्या आरोपावरून आसाममधून अटक झाली तोही त्याच वयाचा, इंजिनिअरिंगच शिकणारा. अटकेतली एक तर जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. आपण 'सोशल मीडियापासून मुलांना वाचवा' म्हणतो तेव्हा त्या वाक्यात हे विद्यार्थी कुठे बसतात? बाकावर तर शेजारीशेजारीच बसतात.

जवळपास प्रत्येक कॉलेजचं एक कन्फेशन पेज असतं. वाचकांपैकी जे पन्नाशीच्या पुढचे आहेत त्यांच्यासाठी सांगते. इन्स्टावर कॉलेजच्या नावाने एक अकाउंट निघतं. ते कोण चालवतं ते कुणाला माहीत नसतं. बायोमध्ये गुगल फॉर्मची लिंक असते. त्यात कुणीही नाव न देता काहीही लिहायचं, ॲडमिन त्यातलं निवडून पोस्ट करतो. सुरुवातीला कॅन्टीनच्या वड्याच्या आकारावर आणि सरांच्या विगवर विनोद असतात. ते खरंच गमतीचे असतात, मीही हसले आहे. हळूहळू 'एसवाय बीकॉम बी डिव्हिजन, दुसरा बाक, निळी ओढणी' येऊ लागतं. मग खाली टॅग. मग तिच्या आधीच्या मित्राबद्दल कुणीतरी काहीतरी. नाव कुठेच नसतं, त्यामुळे तक्रार केली तरी इन्स्टाला त्यात काही गैर दिसत नाही, आणि मराठी रोमन लिपीत लिहिलेली असली तर कळतही नाही. निळी ओढणी कुणाची हे तीन हजार पोरांना माहीत असतं. कॉलेजने विचारलं की उत्तर ठरलेलं: ते पेज आमचं अधिकृत नाही. यूजीसीच्या नियमांप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीत विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले तीन विद्यार्थी असायला हवेत. ते कोण आहेत हे मी अनेक कॉलेजांत मुलींना विचारून पाहिलं. कन्फेशन पेजचं नाव सगळ्या सांगू शकल्या, समितीतलं एकही नाव कुणाला सांगता आलं नाही.

पुस्तकातला शेवटचा लेख अशाच एका पेजच्या ॲडमिनचा आहे. तो छापायचा की नाही यावर आमच्यात बरीच खडाजंगी झाली. त्याने माफी मागितलेली नाही. पासआउट होणाऱ्या सीनिअरने पासवर्ड कसा दिला, परीक्षेच्या काळात फॉर्म कसे दुपटीने यायचे, त्यांतून तो निवड कशी करायचा, हे त्याने हिशेबाची वही लिहावी तसं लिहिलंय. ओळखू येईल पण नाव नसेल अशीच पोस्ट चालते, असं तो म्हणतो. एका मुलीने कॉलेज सोडल्याचं त्याला नंतर कळलं. त्यावर दोन ओळी आहेत, पुढचा परिच्छेद फॉलोअर किती झाले याचा आहे. संपादनात असलेल्या एका मैत्रिणीचं म्हणणं होतं की त्रास भोगलेल्यांच्या पंक्तीला याला बसवायचं नाही. मला वाटत होतं की बाकी सगळे लेख ज्याच्यामुळे लिहावे लागले तो एकदा तरी स्वतःच्या तोंडून बोलताना दिसावा. अखेर त्याच्या लेखातली मुलींची वर्णनं गाळून, बाकी मजकूर आहे तसा छापला आहे. तो आता पुण्याला नोकरी करतो. कॉलेज सोडताना पासवर्ड त्याने दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला दिला, असं त्याने लिहिलंय. घरी कळलं का, असं आम्ही त्यालाही विचारलं होतं. त्याला प्रश्नच कळला नाही.